अमेरिकेतील शिकारीचा दाखला देताना

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या पिकांच्या नुकसानीसंबंधी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेले काही आठवडे जी चर्चा चालू आहे, ती मी येथे, अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, नियमाने वाचतो आहे. उभे पीक एका रात्रीत आडवे झालेले पाहून शेतकऱ्याच्या पोटात काय तुटते, हे मला कोणी सांगावयास नको. माझे बालपण सावंतवाडी तालुक्यातील एका खेड्यात गेले आणि भाताच्या मळ्यांत रानडुकरांनी घातलेला धुडगूस मी लहानपणी अनेकदा पाहिलेला आहे. मात्र या चर्चेत एक विधान वारंवार येते. ‘अमेरिकेत शेतात शिरलेले हरीण शेतकरी सरळ गोळी घालून मारतो, मग आपल्याकडेच एवढी बंधने कशाला?’ असा त्याचा आशय असतो. हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. गेली अकरा वर्षे मी या राज्यातील मोकळ्या शेतजमिनीवर सप्टेंबर महिन्यात ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करतो आहे, आणि ती प्रत्यक्षात कशी होते हे आपल्या वाचकांपुढे मांडावे, एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

ठासणीची बंदूक म्हटले की कोकणातील वाचकांना वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली एकनळी ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गजाने ठासायची, छर्रे घालून पुन्हा ठासायचे, मागच्या बाजूला केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, बसवायची आणि घोडा ओढायचा. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमातही पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी वापरावयाच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. आजोबा ती बहुधा हवेतच उडवीत. वानर आणि डुकरे आवाजाने पळत, आणि निवडणूक जाहीर झाली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा होई, तेव्हा घरात डबे बडवून राखण करावी लागे. अमेरिकेत आल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, शेजारच्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याने आपल्या गोठ्यातील भिंतीवरून तशीच बंदूक काढून माझ्या हातात दिली, तेव्हा गजाला हात लागताच मला आजोबांचे अंगण आठवले. माझ्या या छंदाची, किंवा आज मी ज्याला छंद म्हणू इच्छित नाही त्या गोष्टीची, सुरुवात तेथून झाली.

प्रथम येथील भूमीविषयी सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचे काही नीट समजणार नाही. कॅन्ससची जमीन मैल-मैलाच्या चौकोनांत आखलेली आहे. प्रत्येक चौकोन ६४० एकरांचा आणि त्याच्या चारही बाजूंनी खडीचे रस्ते. पिके मराठवाडा-विदर्भातील वाचकांना अगदी ओळखीची वाटतील, ती म्हणजे गहू, मका, सोयाबीन आणि ज्वारी. ज्वारीला येथे मायलो म्हणतात, आणि साऱ्या अमेरिकेत सर्वाधिक ज्वारी याच राज्यात पिकते. तिची कणसे आपल्या ज्वारीपेक्षा लालसर, आणि ताटे कमरेएवढी बुटकी. झाडे दिसतात ती ओढ्याकाठी, नाहीतर १९३० च्या दशकातील धुळीच्या वादळांनंतर वारा अडविण्यासाठी सरकारने व शेतकऱ्यांनी लावलेल्या लांबच लांब रांगांत. एरवी सारे उघडे. माणूस उभा राहिला तर अर्ध्या मैलावरून दिसावा, आणि वारा तर जवळजवळ कधीच पडत नाही. पांढऱ्या शेपटीचे हरीण अशा मुलखात दिवसा ओढ्याकाठच्या झाडीत किंवा उंच गवतात बसून राहते आणि सूर्य कलला की चरण्यासाठी शेताकडे निघते. सप्टेंबरच्या मध्यास मका वाळलेला असतो, गव्हाची पेरणी व्हावयाची असते, आणि सोयाबीनचे जे एखादे शेत अद्याप हिरवे राहिलेले असते त्यावर त्यांचा सर्वांत जास्त जीव असतो. पाने पिवळी पडू लागली की दोन-चार दिवसांत ती त्या शेताकडे पाठ फिरवितात. म्हणून या दिवसांत कोणत्या शेताचा हिरवेपणा किती टिकून आहे, याकडे शिकाऱ्याचे लक्ष हरणांइतकेच असते.

ठासणीच्या बंदुकीचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यास सुरू होतो आणि सुमारे दोन आठवडे चालतो. धनुष्यबाणाचा हंगाम त्याच सुमारास सुरू होऊन डिसेंबरअखेरपर्यंत असतो. पण नेहमीच्या काडतुसाच्या रायफलीने हरीण मारावयाचे, तर नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या बुधवारपासून मिळणाऱ्या बारा दिवसांची वाट पाहावी लागते. या क्रमामागे विचार आहे. ज्या हत्याराचा पल्ला कमी आणि ज्यातून एकच बार निघतो, त्याला आधीचा आणि शांत काळ दिला आहे. ज्याची ताकद जास्त त्याला थोडे दिवस आणि तेही उशिरा. मे-जूनमध्ये जन्मलेली पाडसे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तीन-साडेतीन महिन्यांची होऊन दुधावरून सुटलेली असतात. नरांच्या शिंगांवरची मखमल नुकतीच झडलेली असते. नोव्हेंबरातल्या माजाच्या काळात एकमेकांच्या जिवावर उठणारे हेच नर सप्टेंबरात चार-चार, पाच-पाच जणांच्या टोळीने गुण्यागोविंदाने चरताना दिसतात. रोज त्याच वेळी, त्याच वाटेने येण्याची त्यांची सवय अजून मोडलेली नसते, आणि जवळून एकच बार टाकू शकणाऱ्याला याच सवयीचा काय तो आधार असतो.

आता बंदुकीविषयी. माझी बंदूक ५० कॅलिबरची, म्हणजे नळीचा व्यास साधारण साडेबारा मिलिमीटर. तीत १०० ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅम दारू आणि सोळा ग्रॅम वजनाची एक गोळी जाते. पारंपरिक काळी दारू पंच्याहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक यांची असते. आता बहुतेक जण तिच्याऐवजी पायरोडेक्ससारखी तयार पर्यायी दारू वापरतात. १९८५ मध्ये मिसुरी राज्यातील टोनी नाइट या बंदूक-कारागिराने केप सरळ नळीच्या मागे, दारूच्या रेषेत बसविणारी रचना बाजारात आणली आणि तेव्हापासून ठासणीच्या बंदुकीचे रूप बरेच बदलले. या नव्या रचनेची बंदूक दमट हवेतही सहसा दगा देत नाही आणि दुर्बीण लावली तर दीडशे यार्डांपर्यंत नेम राहतो. पेनसिल्व्हेनिया राज्याने मात्र १९७४ पासून चकमकीच्या बंदुकीचा स्वतंत्र हंगाम ठेवला आहे, ज्यात ठिणगी गारगोटीनेच पडली पाहिजे. मला स्वतःला ती निष्ठा अधिक भावते. पण रचना जुनी असो वा नवी, एक बार टाकल्यानंतर दुसरा भरावयास सरावलेल्या माणसालाही अर्धा-एक मिनिट लागते, आणि तेवढ्यात हरीण शेत ओलांडून गेलेले असते.

ही एक मर्यादा सगळे वर्तन बदलून टाकते. दुसरी गोळी नाही, म्हणून पहिली संशयास्पद असेल तर ती टाकायचीच नाही. आमच्या त्या वृद्ध शेजाऱ्यांनी मला पहिल्या वर्षी बजावले होते की, हरीण पूर्ण आडवे उभे असेल, शंभर यार्डांच्या आत असेल, त्याच्या मागे दुसरे हरीण नसेल आणि मागची जमीन गोळी झेलणारी असेल, तरच घोड्याला बोट लावायचे. यांतील एक जरी गोष्ट नसेल तरी घरी यायचे. मी एका हंगामात लागोपाठ पाच संध्याकाळी असाच घरी आलो. सोयाबीनच्या शेतातील समतल बांधाला टेकून मी बसत असे. दक्षिणेचा वारा माझ्या तोंडावर, पूर्वेला ओढा, पाठीमागे ज्वारी. सूर्य मावळतीला टेकला की पाच नर ओढ्यातून वर येत आणि शेताच्या पलीकडच्या टोकाला, एकशे साठ यार्डांवर, निवांत चरत. दुर्बिणीतून त्यांच्या कानांची हालचाल दिसे, शिंगांना चिकटून राहिलेली मखमलीची चिंधी दिसे. तेवढ्या अंतरावर माझी गोळी कदाचित लागली असती. ‘कदाचित’ हा शब्द मनात आला की बंदूक खाली ठेवायची, एवढाच नियम मी पाळला. सहाव्या संध्याकाळी वारा जरा पूर्वेकडे वळला, टोळीतला एक नर माझ्या बांधाच्या बाजूने सत्तर यार्डांवर आला आणि आडवा उभा राहिला.

बार उडाल्यावर समोर काही दिसत नाही. पांढऱ्या धुराचा ढग वारा नेईपर्यंत तसाच लोंबत राहतो, आणि त्या काही क्षणांत हरीण कोणत्या दिशेला गेले हे कानांनी टिपावे लागते. पहिले काम पुन्हा बंदूक भरण्याचे. दुसरे काम थांबण्याचे. मी घड्याळ लावून अर्धा तास बसलो, कारण जखमी जनावराच्या मागे लगेच धावले तर ते मैलभर पळते, आणि त्याला निवांत पडू दिले तर जवळच कोसळते. मग सोयाबीनच्या पानांवर रक्ताचे थेंब शोधत, प्रत्येक थेंबापाशी लाल फडक्याची खूण बांधत मी पुढे सरकलो आणि ऐंशी पावलांवर ते मिळाले. त्याच्या शेजारी गुडघे टेकून मी बराच वेळ बसून होतो. त्या वेळी मनात जे येते ते आनंद नव्हे, आणि पश्चात्तापही नव्हे. त्याला नेमके काय म्हणावे हे मला आजवर सुचलेले नाही.

माझ्याकडून चूकही झालेली आहे आणि ती येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. दुसऱ्या वर्षी, रात्रभर पाऊस पडून गेलेल्या पहाटे मी आदल्या दिवशी भरलेल्या बंदुकीवरच विसंबलो. घोडा पडला, केप फुटली, आणि बार मात्र क्षणभर उशिराने उडाला. ओलसर दारूने दगा दिला होता. तेवढ्या क्षणात माझा नेम ढळला आणि गोळी मागच्या पायाला चाटून गेली. ती मादी होती. त्या दिवशी सकाळपासून काळोख पडेपर्यंत मी आणि त्या शेतकऱ्याचा मुलगा माग काढीत होतो. रक्त कुंपणापाशी संपले, पलीकडच्या मालकाला दूरध्वनी करून परवानगी घेतली, पुढचा ओढा धुंडाळला, आणि ती सापडली नाही. त्या वर्षी मी पुन्हा शिकारीला गेलो नाही. तेव्हापासून बंदूक रोज रिकामी करून, गरम पाण्याने व साबणाने नळी धुऊन, कोरडी पुसून मगच दुसऱ्या दिवशी भरतो. ही दारू जळल्यावर जी काजळी राहते ती हवेतील ओल शोषून घेते आणि लोखंड खाऊन टाकते, हे आजोबा सांगत असत. मी ते ऐकले होते, पण मनावर घेतले नव्हते.

आता ‘सरळ गोळी घालून मारतो’ या विधानाकडे येतो. कॅन्ससमधील सुमारे ९७ टक्के जमीन खासगी मालकीची आहे, त्यामुळे शिकारीची पहिली पायरी बंदूक नसून शेतकऱ्याचे दार आहे. कुंपणाच्या खांबावर जांभळा रंग मारलेला असेल तर त्या जमिनीवर लेखी परवानगीशिवाय शिकार करता येत नाही, हे येथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १ जुलै १९५७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला स्वतःच्या जमिनीबाहेर शिकार करावयाची तर शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून त्याचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. मी तो चाळिशीत, बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या शेजारी बाकावर बसून केला. त्यानंतर राज्याचा परवाना, आणि त्याशिवाय हरणासाठी वेगळे परमिट. शिंगे असलेला नर एका माणसाला वर्षभरात एकच मिळतो, मग हत्यार कोणतेही असो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच बार टाकता येतो. रात्री प्रखर दिव्याच्या झोतात हरणांना दिपवून मारणे हा गुन्हा आहे. हरीण पडले की ते जागचे हलविण्यापूर्वी परमिटवर तारीख घालून, सही करून त्याची नोंद करावी लागते.

आणि शेतकऱ्याचे काय? ज्याच्याकडे ८० एकर किंवा अधिक शेतजमीन आहे त्याला स्वतःच्या जमिनीपुरते सवलतीच्या दरातील परमिट मिळते. म्हणजे आपल्याच शेतातील हरीण मारावयास शेतकऱ्यालाही परमिट घ्यावे लागते, हंगाम पाळावा लागतो आणि संख्येची मर्यादाही पाळावी लागते. हंगामाबाहेर नुकसान असह्य झाले तर राज्याच्या वन्यजीव विभागाकडे स्वतंत्र परवानगी मागावी लागते. आमच्या शेजाऱ्यांच्या ओढ्यालगतच्या सोयाबीनच्या काही ओळी दर जूनमध्ये कोवळ्या असतानाच हरणे खुडून नेतात. ते त्याबद्दल चिडतात, पण जूनमध्ये बंदूक काढीत नाहीत. कायद्याने येथे हरीण शेतकऱ्याचे नाही, शिकाऱ्याचेही नाही. ते साऱ्या जनतेचे आहे आणि राज्य त्याचे विश्वस्त आहे, ही कल्पना त्यांच्या हाडीमाशी खिळलेली आहे.

मांसाविषयीही असाच गैरसमज दिसतो. रानटी हरणाचे मांस येथे विकता येत नाही. १९०० सालच्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला पायबंद घातला आणि राज्याराज्यांनी बाजारासाठी होणारी शिकारच बंद केली; तसे केले नसते तर आज हरीण उरलेच नसते. शिकाऱ्याने ते स्वतः खावे, वाटावे किंवा दान करावे. ‘कॅन्सस हंटर्स फीडिंग द हंग्री’ नावाची संस्था असे मांस गरजूंच्या अन्नछत्रांपर्यंत पोचविते आणि मी माझा वाटा बऱ्याचदा तिला देतो. सप्टेंबरमध्ये दिवसाचे तापमान ३० अंशांच्या वर सहज जाते, त्यामुळे मांस वाचवायचे तर हरीण मिळाल्यापासून तास-दोन तासांत ते साफ करून, कातडे उतरवून बर्फात ठेवावे लागते. संध्याकाळी शिकार झाली तर मध्यरात्र होईपर्यंत कंबर मोडते. डिसेंबरच्या थंडीत शिकार करणाऱ्याला ही घाई नसते. सप्टेंबरात जाणाऱ्याने मात्र बर्फाची पेटी आधी गाडीत ठेवावी आणि मग बंदूक.

या सर्व बंधनांमागे एक वेदनादायक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात या मुलखात बंदुकीला मर्यादाच नव्हती, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कॅन्ससमधून हरीण जवळजवळ नाहीसे झाले होते. पुढे शिकार बंद राहिली, शेजारच्या राज्यांतून हरणे हळूहळू परत आली, आणि आधुनिक काळातील पहिला हरीण-शिकारीचा हंगाम १९६५ मध्ये, म्हणजे दोन पिढ्यांनी, भरला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर बसविलेला कर राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे जातो; रायफली आणि दारूगोळ्यावर तो ११ टक्के आहे. परवान्यांच्या शुल्काचा पैसाही तिकडेच जातो. गणना, संशोधन आणि देखरेख यांचा बराचसा खर्च त्यातून भागतो. खासगी जमीन शिकाऱ्यांसाठी भाड्याने घेण्याची कॅन्सस राज्याची योजनाही १९९५ पासून चालू आहे, आणि तिच्यामुळे ज्याच्या ओळखीचा एकही शेतकरी नाही अशा शहरी कामगारालाही पाय ठेवायला जमीन मिळते.

येथील व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. मोठ्या शिंगांच्या नरासाठी बाहेरच्या राज्यांतून येणारे धनिक शेतजमिनी भाड्याने धरून ठेवतात आणि मग पिढ्यान्‌पिढ्या तेथे जाणाऱ्या स्थानिकाला दार बंद होते. खासगी जमिनीवर मक्याचे दाणे पसरून हरणांना बोलाविण्यास कॅन्ससमध्ये मुभा आहे, आणि मला ती मान्य नाही. एकाच ढिगाऱ्यावर तोंडे घालणाऱ्या हरणांमध्ये मेंदू पोखरणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ नावाचा असाध्य रोग पसरण्यास त्यामुळे वाट मिळते, आणि तो रोग राज्याच्या वायव्य कोपऱ्यातील रानटी हरणांमध्ये २००५ मध्ये आढळल्यापासून पूर्वेकडे सरकतो आहे. ठासणीच्या बंदुकीवर शक्तिशाली दुर्बीण चढवून अडीचशे यार्डांची बढाई मारणारेही आता भेटतात. या हंगामाला आधीची जागा ज्या कारणासाठी मिळाली, ते कारणच अशाने उरत नाही.

परंतु आपल्या चर्चेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. सप्टेंबरचा हा हंगाम पीक वाचविण्याचे साधन नाहीच. बहुतेक जण नराच्या मागे असतात, आणि नर मारल्याने संख्या कमी होत नाही, कारण उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि मादीला बहुधा जुळी पाडसे होतात. संख्या आटोक्यात ठेवायची असेल तर माद्या माराव्या लागतात. त्यासाठी येथे वेगळी परमिटे आहेत आणि जानेवारीत केवळ बिनशिंगी हरणांचा हंगाम असतो. कोणत्या विभागात किती परमिटे द्यावयाची हे राज्याचे जीवशास्त्रज्ञ पाहणी करून ठरवितात. थंडीने कुडकुडत, भिंतीवर लावण्यासारखे काही हाती लागणार नाही हे माहीत असूनही जाणारे लोक थोडे असतात. माझ्या मते शेतकऱ्याचे खरे ऋण तेच फेडतात, आणि मी गेली चार वर्षे जानेवारीतही जातो.

अमेरिकेचा दाखला द्यावयाचाच असेल तर तो असा पुरा द्यावा. कॅन्ससमध्ये लांडगा उरलेला नाही, कोल्ह्यासारखा कायोटी पाडसांपलीकडे फारसे काही करू शकत नाही, म्हणून हरणांना आवर घालणारा प्राणी मुख्यतः माणूसच आहे. विदर्भात तसे नाही. तेथील रोही (नीलगाय), चितळ आणि रानडुक्कर हे वाघ-बिबट्यांचे अन्न आहे, आणि ते कमी झाले तर बिबट्या गोठ्यात येईल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात काळविटाला पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. शेतात आले म्हणून ते संरक्षण संपत नाही. रोही आणि रानडुकरांबाबत महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या अर्जावरून वनाधिकाऱ्यांनी परवानगी देण्याची तरतूद केलेली आहे. ती वापरताना कोणत्या वेळी, कोणत्या हत्याराने, नर की मादी, किती अंतरावरून, जखमी जनावराचा माग कोणी काढायचा आणि मेलेल्याची नोंद कोणी ठेवायची, हे प्रश्न कोणी विचारताना मला आपल्या सदरातील पत्रांत दिसले नाहीत. येथे बंदूक हातात देण्यापूर्वी हेच प्रश्न विचारतात, आणि उत्तरे न देणाऱ्याला बंदूक घेऊन शेतात पाऊल टाकू देत नाहीत.

सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्यात शेतीसंरक्षणाचे परवाने असलेली वयस्क मंडळी अद्याप आहेत. बार हवेत काढून डुक्कर कसे हाकलावे, कोणत्या महिन्यात ते कोणत्या मळ्यात उतरते, एक बार फुकट गेल्यावर काय करावे, हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक आहे. आपण या चर्चेत त्यांच्याकडून आवर्जून पत्रे मागवावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आमच्या आजोबांसारखे जे गेले त्यांना आता विचारता येणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक वाचक
(मूळ सावंतवाडी तालुका, सध्या कॅन्सस, अमेरिका)